रात्री दहा ते अकरा दहा : नागपुरातील एका बाळंतपणाच्या कागदपत्रांचा अभ्यास

हे प्रकरण माझ्यापर्यंत आले ते कापड दुकानाच्या एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीतून. केसपेपरच्या झेरॉक्स प्रती, औषधांची बिले, रक्तपेढीच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या गर्भाशयाचा तपासणी अहवाल असे एकशे चौदा कागद त्या पिशवीत होते. ते घेऊन बाळंतिणीचा नवरा आणि तिची आई आले होते आणि दोघांचा प्रश्न एकच होता : "मॅडम, पिशवी काढायची खरंच गरज होती का?" प्रसूतिशास्त्रात उभी नोकरी काढून निवृत्त झालेल्या डॉक्टरकडे असे कागद येत राहतात. मी ते वाचून माझे मत सांगते, वकिली करीत नाही, आणि संबंधित डॉक्टरांशी ओळख असेल तर कागद न वाचता परत करते. येथे तशी ओळख नव्हती. रुग्णालय दक्षिण नागपुरातील एक खासगी प्रसूतिगृह आहे, एवढे सांगणे पुरे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील त्यांच्या संमतीने गाळले आहेत.

कागद दोनदा वाचल्यावर मी त्यांना जे सांगितले ते त्यांना आवडले नाही. रात्री दोन वाजता गर्भाशय काढण्याचा निर्णय बरोबर होता. त्या घटकेला तो घेतला नसता तर बाई वाचली नसती. विचारण्यासारखा प्रश्न त्याच्या चार तास आधीचा होता, आणि तो ज्या पानावर होता ते पान त्यांनी बिनमहत्त्वाचे समजून सर्वांत खाली ठेवले होते. ते परिचारिकेच्या हस्ताक्षरातले नाडी आणि रक्तदाबाच्या नोंदींचे पान होते.

त्या रात्रीच्या नोंदी

बाई सत्तावीस वर्षांची, पहिलटकरीण, वजन ५२ किलो. एप्रिल २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात एकोणचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर कळा सुरू झाल्या म्हणून ती सकाळी दाखल झाली. विदर्भात करतात ती सिकलसेलची तपासणी आधीच झाली होती आणि तीत काही निघाले नव्हते. चौतिसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ९.४ होते. गरोदरपणात ११ च्या खालचे हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, हे कोणत्याही नर्सला माहीत असते. तरीही तपासणीच्या कार्डावर "लोहाच्या गोळ्या चालू ठेवा" यापलीकडे काही लिहिलेले नाही, आणि पुढच्या पाच आठवड्यांत ते पुन्हा मोजलेले नाही. शिरेतून लोह देण्यास तेवढा अवधी पुरला असता. देशात गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयाच्या असतात, असे २०१९–२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते, आणि जे निम्म्या बायकांना असते ते डॉक्टरांच्या डोळ्यांना हळूहळू नेहमीचे वाटू लागते. मात्र ९.४ हिमोग्लोबिनची बाई आणि १२ हिमोग्लोबिनची बाई सारखेच रक्त गमावून सारख्याच अवस्थेत राहत नाहीत.

कळा मंदावल्या म्हणून दुपारपासून ऑक्सिटोसिनचे, म्हणजे गर्भाशय आवळायला लावणाऱ्या औषधाचे, सलाईन चालू केले गेले. रात्री ९.१२ ला मुलगा झाला, वजन ३.६ किलो. ९.१३ ला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन, ९.२५ ला वार पूर्ण पडली, ९.५० पर्यंत टाके घालून झाले. रक्तस्रावाच्या रकान्यात "अंदाजे ३०० मिली" असे आहे. रात्री १० वाजता रक्तदाब ११०/७०, नाडी ९६. सव्वादहाला बाईला खोलीत हलवले.

त्यानंतरची नोंद ११.१० ची आहे : रक्तदाब १००/६०, नाडी १२४, "पॅड भिजलेले, बदलले". त्यापुढची ११.४० ची : रक्तदाब ८०/५०, नाडी १४०, "मॅडमना फोन केला". प्रसूतितज्ज्ञ ११.५५ ला पोहोचल्या, तेव्हा गर्भाशय मऊ पडलेले होते आणि दाबल्यावर रक्ताच्या मोठ्या गाठी बाहेर आल्या. येथून पुढच्या नोंदी भराभर येतात. पोटावरून गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिनचे सलाईन, गर्भाशय आवळणारीच आणखी औषधे म्हणजे मेथर्जिन, जिभेखाली मिसोप्रोस्टॉल आणि १२.१० ला कार्बोप्रोस्ट, १२.२० ला "रक्त मागवले", १२.२५ ला रक्ताच्या गुठळ्या टिकवून धरणारे ट्रॅनेक्झामिक आम्ल एक ग्रॅम, १२.४५ ला कॅथेटरला कंडोम बांधून केलेला फुगा गर्भाशयात भरला, तो टिकला नाही. १.१० ला शस्त्रक्रियागृहात नेले, गर्भाशयाच्या मुखाला किंवा योनिमार्गाला फाटले आहे का ते पाहिले, पोट उघडून गर्भाशयाला दाब देणारे टाके घातले, आणि २.०५ ला गर्भाशय काढायला घेतले. तांबड्या पेशींच्या सहा पिशव्या, प्लाझ्माच्या चार आणि प्लेटलेटच्या चार दिल्या गेल्या. पहाटे तिला अतिदक्षता विभाग असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात हलवले. तेथून ती अकराव्या दिवशी घरी आली.

नाडी काय सांगत होती

भरल्या दिवसांच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटली की ज्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात, त्या गर्भाशयाचे स्नायू आवळले गेले म्हणजेच बंद होतात. स्नायू ढिले राहिले तर टाका घालण्याजोगी एक जागा नसते, सगळी भिंतच पाझरते. लांबलेल्या कळा, बराच वेळ चाललेले ऑक्सिटोसिन आणि मोठे बाळ ही तिन्ही कारणे स्नायू थकण्याची आहेत, आणि तिन्ही या बाईच्या केसपेपरवर संध्याकाळपर्यंत लिहिली गेलेली होती. म्हणून प्रसूतीनंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, गर्भाशयाचा कडकपणा आणि अंगावरून जाणारे रक्त पाहायचे, हा प्रसूतिकक्षात पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम आहे. दहा आणि अकरा दहा यांच्या मध्ये चार नोंदी हव्या होत्या. त्या जागी एकही नाही.

तरुण आणि निरोगी बाईचे शरीर या काळात फसवते. रक्त कमी होऊ लागले की रक्तवाहिन्या आकसतात, हृदय वेग वाढवते आणि रक्तदाब बराच वेळ जागेवर राहतो. तो कोसळतो तेव्हा उशीर झालेला असतो. नाडीचा आकडा रक्तदाबाच्या वरच्या आकड्याने भागून येणारे गुणोत्तर म्हणूनच उपयोगी पडते. बाळंतिणीत ते ०.९ च्या पुढे गेले की सावध व्हायचे. दहा वाजता ते ०.८७ होते, म्हणजे काठावर. ११.१० ला ते १.२४ होते. रुग्णालयाने नंतर दिलेल्या लेखी उत्तरात "११.१० वाजता रुग्णाचा रक्तदाब समाधानकारक होता" असे वाक्य आहे. ते खोटे नाही. त्या वाक्यात नाडीचा उल्लेख नाही, इतकेच.

रक्ताच्या मोजमापाविषयी मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण असल्या प्रकरणांत सगळी गफलत तेथून सुरू होते. मी शिकवत असताना लाल रंगाचे मोजलेले पाणी चादरीवर, पॅडवर आणि फरशीवर ओतून निवासी डॉक्टरांना ते किती असेल ते लिहायला सांगत असे. लिटरभर पाण्याला सहाशे म्हणणारे दरवर्षी निघत, आणि एकदा मी स्वतःच विसरून सातशे म्हणाले होते. नजरेचा अंदाज बहुतेक वेळा कमी भरतो, आणि रक्त जितके जास्त तितका तो अधिक चुकतो. उपाय मात्र अगदी स्वस्त आहे : बाळंतिणीखाली आकडे छापलेली प्लॅस्टिकची झोळी लावायची, किंवा भिजलेली पॅड आणि कापड काट्यावर तोलून कोरडे वजन वजा करायचे, एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत झालेला ई-मोटिव्ह हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. झोळीने रक्त मोजून सर्व उपचार एकदम सुरू केल्यावर तीव्र रक्तस्राव आणि त्याचे गंभीर परिणाम तेथे ६० टक्क्यांनी घटले. औषधे तीच होती, जुनीच. फरक रक्त मोजण्यात आणि वेळ न दवडण्यात होता.

या बाईच्या डिस्चार्ज कार्डावर एकूण रक्तस्राव १२०० मिली लिहिला आहे. रात्री १२.५५ ला, रक्ताची एकही पिशवी चढण्यापूर्वी, तिचे हिमोग्लोबिन ४.८ होते. ९.४ वरून ४.८. पाच लिटरच्या आसपास रक्त असलेल्या शरीरात ही घसरण १२०० मिलीत बसत नाही; सलाईनमुळे झालेले पातळीकरण धरूनही दोन लिटरच्या खाली येणे कठीण आहे. मग १२०० हा आकडा कोठून आला? प्रसूतिकक्षातले ३०० आणि शस्त्रक्रियेतले ९०० अशी ती बेरीज निघाली. खोलीतल्या पलंगावर जे गेले, ते बेरजेत कोणी धरलेच नव्हते.

आईचा फोन आणि औषधांचे बिल

खोलीत त्या वेळी बाईची आई होती. तिने मला जे सांगितले त्यात पाल्हाळ नव्हता. "दोनदा पॅड मीच बदललं. चादरीखाली प्लॅस्टिक होतं, ते उचललं तर खाली थारोळं. सिस्टरला बोलावलं तर ती म्हणे, काकू, बाळंतपणात एवढं तर जातेच ना जी." भिजलेली पॅड पिवळ्या डब्यात गेली आणि त्यांच्याबरोबर मोजमापही गेले. आईच्या आठवणीला वेळ नसतो, आणि वेळेवाचून अशा आठवणीला फारसे वजन येत नाही. मात्र तिने त्या वेळी खाली वाहनतळात बसलेल्या जावयाला फोन केला होता : "जावईबापू, वर या, मले काही ठीक दिसत नाही." नवऱ्याच्या मोबाइलमध्ये हा फोन १०.४१ चा निघाला. कागदांच्या ढिगात रुग्णालयाच्या घड्याळाबाहेरचा पहिला आकडा तो होता.

दुसरा आकडा मात्र उलट दिशेने गेला. कार्बोप्रोस्ट १२.१० ला दिल्याची नोंद आहे आणि औषध दुकानाचे बिल १२.३१ चे आहे, म्हणजे नोंद खोटी, असा नवऱ्याचा ठाम ग्रह होता. रुग्णालयाने सांगितले की पहिली कुपी आणीबाणीच्या ट्रेमधली वापरली आणि बिलातली कुपी तिच्या जागी ठेवली. प्रत्येक चांगल्या प्रसूतिकक्षात असेच करतात, आणि हे उत्तर मी तसेच स्वीकारले. बिल आधी आणि औषध नंतर असा क्रम असता तरच मला काळजी वाटली असती.

तिसऱ्या आकड्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. १२.२० ला "रक्त मागवले" असे केसपेपर म्हणतो, पण रक्तपेढीच्या अर्जावर नमुना मिळाल्याची वेळ १२.५० आहे आणि पहिली पिशवी दोनच्या सुमारास पोहोचली. मधल्या अर्ध्या तासात बाईचा दीर नमुन्याची नळी खिशात घालून दुचाकीवरून जात होता. रक्त जुळवण्याच्या पूर्ण तपासणीला पाऊण तास लागतोच. तो कोणालाही टाळता येत नाही. टाळता आला असता तो सकाळी नमुना न पाठवण्याचा भाग. ९.४ हिमोग्लोबिनची, ऑक्सिटोसिन चालू असलेली बाई दाखल होते तेव्हा तिचा नमुना रक्तपेढीत आधीच असायला हवा. एप्रिल-मेमध्ये महाविद्यालये बंद आणि शिबिरे कमी म्हणून रक्ताचा साठा आटलेला असतो, हे शहरातल्या प्रत्येक प्रसूतितज्ज्ञाला ठाऊक असते.

ट्रॅनेक्झामिक आम्लाची वेळही पाहण्यासारखी आहे. २०१७ च्या 'वुमन' नावाच्या औषधचाचणीत २०,०६० स्त्रिया होत्या, आणि हे औषध प्रसूतीपासून तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, असे तीत दिसले. दर पंधरा मिनिटांच्या विलंबाने हा लाभ सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असे पुढच्या विश्लेषणात आढळले. येथे ते तीन तास तेरा मिनिटांनी दिले गेले. औषधांच्या यादीवर खूण आहे, यादी पूर्ण आहे. पण अकरा दहाला तेच औषध मिळाले असते तर दोन तासही उलटले नसते.

कागद मागणे आणि समोर बसणे

घटनेनंतरच्या तिसऱ्या दिवशी बाईचा दीर दहा-बारा जणांना घेऊन रुग्णालयात गेला होता, हे मला उशिरा कळले. आरडाओरड झाली, एक काच फुटली आणि पोलीस आले. महाराष्ट्रात २०१० पासून रुग्णालयातील हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, आणि त्या एका काचेमुळे पुढचे कित्येक आठवडे रुग्णालयाला प्रश्नांऐवजी काचेविषयी बोलता आले. कागद मागायचा साधा मार्ग तोवर कोणी वापरला नव्हता. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावी लागतात आणि ती तीन वर्षे जपावी लागतात. बाईच्या स्वतःच्या सहीचा अर्ज पोच घेऊन दिला गेला. ७२ तासांत काही आले नाही. आठवणीच्या पत्रानंतर नवव्या दिवशी एकशे चौदा कागद आले. कळांची प्रगती नोंदवायचा आलेख, म्हणजे पार्टोग्राफ, त्यात होता, पण फक्त वरचे नाव-गाव भरलेला.

नंतर एक बैठक झाली. प्रसूतितज्ज्ञ, मुख्य परिचारिका, नवरा, आई आणि मी. पंधरा दिवस आधी तीन लेखी प्रश्न पाठवले होते : दहा ते अकरा दहा या वेळेत कोणी पाहिले, १२४ नाडी कोणाला कळवली, आणि रक्ताचा नमुना खरोखर कधी निघाला. "तुम्ही निष्काळजी आहात का" असा प्रश्न विचारला की त्याला नकाराखेरीज उत्तर मिळत नाही. "कोणी पाहिले" या प्रश्नाला एक नाव आणि एक वेळ द्यावी लागते. प्रसूतितज्ज्ञ बाई सुरुवातीला "जीव वाचला हे बघा" या वाक्याभोवती फिरत राहिल्या, आणि मला त्यांचा राग आला नाही. पहाटेपर्यंत हात रक्तात असलेल्या डॉक्टरला ते वाक्य मनापासून खरे वाटत असते.

मग मुख्य परिचारिकेने सांगितले की त्या रात्री मजल्यावर एकच सिस्टर होती आणि सव्वादहापासून शेजारच्या प्रसूतिकक्षात दुसरी बाई बाळंत होत होती. प्रसूतितज्ज्ञांनी दुजोरा दिला : "मी स्वतः तिथेच होते. सव्वाअकराला ते बाळ झालं, निघायला साडेअकरा झाले." सिस्टरचा बचाव म्हणून हे सांगितले गेले, आणि त्या बैठकीतले सर्वांत जड विधान तेच ठरले. ११.४० ला ज्यांना घरून बोलवावे लागले, त्या ११.१० ला भिंतीपलीकडे होत्या. मग त्यांना का सांगितले नाही, असे मी विचारले. मुख्य परिचारिका थोडा वेळ टेबलाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम कामात असल्या तर आत आवाज देत नाही जी आम्ही." कोणत्याही कागदावर हे वाक्य कधीच आले नसते.

ऑक्सिटोसिनच्या कुप्या कोठे ठेवता, असेही मी विचारले होते. सकाळी फ्रिजमधून काढून दिवसभराच्या ट्रेमध्ये, असे उत्तर आले. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते, आणि एप्रिलातल्या नागपुरात वातानुकूलन नसलेल्या खोलीतला ट्रे म्हणजे काय, ते येथल्या माणसाला सांगायला नको. त्या रात्रीची कुपी निकामी होती असे मी म्हणू शकत नाही. ती फेकली गेली. म्हणून अहवालात मी हा मुद्दा आरोप म्हणून न लिहिता सूचना म्हणून लिहिला.

संमतिपत्राविषयी नवऱ्याच्या मनात फार सल होता. छापील कोऱ्या अर्जावर त्याची सही घेतली होती आणि वेळ लिहिलेली नव्हती. समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढण्यास पुरत नाही असे ठरवले, परंतु जीव वाचवण्यासाठी तत्काळ करावे लागणारे काम त्यातून वेगळे ठेवले आहे. बेशुद्धीच्या काठावरच्या बाईची सही मिळाली नाही, म्हणून येथे दोष देता येणार नाही. गर्भाशयाच्या तपासणीत वार भिंतीत रुतल्याचे आढळले नाही. म्हणजे आधी ओळखता न येणारे दुसरे कारणही नव्हते.

फौजदारी तक्रारीचा आग्रह दिराचा होता. घटना १ जुलै २०२४ च्या, म्हणजे भारतीय न्याय संहिता लागू होण्याच्या, आधीची असल्यामुळे तिच्यासाठी भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ (निष्काळजीपणाने मृत्यू) किंवा ३३८ (निष्काळजीपणाने गंभीर दुखापत) या जुन्याच कलमांचा विचार करावा लागला असता. मृत्यू झालेला नव्हता, त्यामुळे पहिले कलम लागूच पडत नव्हते; शिवाय सर्वोच्च न्यायालयात जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ मध्ये ठरल्याप्रमाणे डॉक्टरला गुन्हेगार धरण्यास निष्काळजीपणा अतिशय ठळक असावा लागतो. एका सिस्टरने दोन खोल्या सांभाळल्या त्या रात्रीला ते माप लावणे मला पटले नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहे : वैद्यकीय सेवा त्या कायद्यात येते हे १९९५ मध्ये ठरले आहे, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांची मुदत असते. शिवाय राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि तक्रार निवारण आहे. कुटुंबाने आधी ती तक्रार केली.

सरकारी मोजदादीत मात्र ही रात्र कोठेच नाही. महाराष्ट्रातील माता मृत्यूचे प्रमाण २०१८–२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशाचे ९७. प्रत्येक मृत्यूचा आढावा घेण्याची पद्धत आहे. मरता मरता वाचलेल्या मातांच्या आढाव्यासाठी २०१४ मध्ये केंद्राने मार्गदर्शिका काढली, पण ती मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांत वापरण्यासाठी. पंचवीस खाटांच्या खासगी प्रसूतिगृहात बाई वाचली की फाइल बंद होते.

दूध आले होते का

पहिल्या भेटीत मी आईला सहज विचारले होते : दूध आले होते का? कोणत्याही कागदावर त्याविषयी अक्षर नव्हते. "नाही ना. अळिवाची खीर केली, डिंकाचे लाडू केले, शतावरी दिली. काहीच नाही. सगळे म्हणाले, टेन्शन घेतलं तिनं." मी मग बाईला भेटायला त्यांच्या घरी गेले. नवतपा सुरू झाला होता, बाहेर पंचेचाळीस अंशांच्या घरात ऊन होते, आणि बाई कूलर बंद करून पायांवर शाल घेऊन पडली होती. तिचा आवाज जड झाला होता. सकाळी दोनदा उलटी झाली होती. ओळखीच्या डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी केली होती, पण फक्त टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, आणि ते "नॉर्मल" होते.

अतिरक्तस्रावात मेंदूच्या तळाशी असलेल्या, इतर ग्रंथींना चालवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून ती करपू शकते. हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हा आजार मांडला. दूध न येणे ही त्याची पहिली खूण आणि पाळी न येणे ही दुसरी. येथे गर्भाशयच काढलेले असल्याने दुसरी खूण कधी दिसणारच नव्हती, त्यामुळे पहिलीला दुप्पट महत्त्व होते. टीएसएच हे त्याच ग्रंथीतून येते. ग्रंथीच निकामी असेल तर ते वाढत नाही आणि एकटे पाहिल्यास दिशाभूल करते. त्याच संध्याकाळी सोडियम १२२, म्हणजे फारच कमी, निघाले; दुसऱ्या सकाळचे कॉर्टिसॉल (ताण सोसायला लागणारे संप्रेरक) अगदी खाली, थायरॉइडचे संप्रेरक मुक्त टी-४ कमी, दूध आणणारे प्रोलॅक्टिन कमी. तिला दाखल करून आधी कॉर्टिसॉलची जागा घेणारे हायड्रोकॉर्टिसोन आणि काही दिवसांनी थायरॉइडचे थायरॉक्सिन दिले गेले. हा क्रम उलटला तर जीवावर बेतते. दहा दिवसांत ती उठून स्वयंपाकघरात आली. गोळ्या जन्मभराच्या आहेत.

दोन्ही रुग्णालयांच्या डिस्चार्ज कार्डांवर टाक्यांची काळजी, लोहाच्या गोळ्या आणि "आठवड्याने दाखवा" एवढेच आहे. रक्तस्राव रोखण्यातल्या उशिराविषयी मी कितीही समजूतदारपणे बोलेन. चौदा पिशव्या चढलेल्या बाळंतिणीला दूध आले का, हे सहा आठवडे कोणीही न विचारणे मला समजून घेता आले नाही.

तिचे निवेदन

तोवरच्या सर्व अर्जांत आणि बैठकीत बाई स्वतः नव्हती. तिच्या सहीचा एक अर्ज, बस. बरी झाल्यावर तिने परिचारिकेचे ते पान मागून घेतले, बोट ठेवून वाचले आणि म्हणाली, "मॅडम, यात मी पाणी मागितल्याचं नाही." तिला तहान लागली होती, घसा कोरडा पडला होता, आईने चमच्याने पाणी दिले. तहान ही रक्त कमी होण्याची जुनी खूण आहे. केव्हा, असे मी विचारले. घड्याळ तिला दिसत नव्हते. "बाजूच्या खोलीतलं बाळ रडलं ना, त्याच्यानंतर लगेच. मी आईला म्हटलंसुद्धा, त्यांचं पण झालं वाटते."

हे निवेदन तिच्याच शब्दांत लिहून घेऊन तक्रारीला पहिले पान म्हणून जोडले, आणि महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत रुग्णालयाकडे एकच गोष्ट मागितली : त्या रात्रीच्या प्रसूती नोंदवहीतील दुसऱ्या जन्माची वेळ, नाव नको, पत्ता नको. रुग्णालयाचे उत्तर पाच ओळींचे आले. वेळ सव्वाअकरा नव्हती, १०.५२ होती.